बारावीला बायो सोडलेलं, आता पहिल्याच सेमला बायो आलंय. नेमकं काय पक्कं करू?

उसाचं_कांडं:
नमस्कार मंडळी. मी कागल साइडचा, दहावी मराठी मीडियम, बारावी सायन्स पण इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं म्हणून बायोला तेव्हाच रामराम ठोकला होता. आता कोल्हापुरात फूड टेक्नॉलॉजीला ऍडमिशन घेतलंय तर पहिल्याच सेमला बायोलॉजीचा पेपर. सर पहिल्या दिवशी म्हणाले हे तुम्हाला बारावीचं येतच असणार, आणि जे सुटले ते थेट माइटोकॉन्ड्रियाच्या आत जाऊन थांबले, मी आपला शेजारच्याच्या वहीत बघून स्पेलिंग उतरवतोय. परीक्षेला पाच आठवडे राहिलेत, पुस्तक उशाला घेऊन झोपता येईल एवढं जाड. सगळं होणार नाही हे मान्य, पण मुळातलं असं काय आहे जे डोक्यात बसलं की बाकीचं अंगावर येणार नाही? नुसती धड्यांची यादी टाकू नका प्लीज, ती पुस्तकात आहे. घरी ऊस आहे, चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे, तेवढंच बायो मला येतं.

तालमीतला_गडी:
भावा टेन्शन घेऊ नको. व्याख्या पाठ कर, आकृत्या पेन्सिलनं काढ, नावं एका बाजूला नीट दे, सुटतोस. मी तसाच सुटलो. आता त्यातलं काय बी आठवत नाही तो विषय वेगळा.

मायक्रोवाली_ताई:
वरच्या दादांचं ऐकलंस तर पास होशील, पण पुढं मायक्रोबायोलॉजी आली की परत इथंच येशील विचारायला. मी दुधाच्या लॅबमध्ये काम करते, रोज हेच बघते म्हणून जरा लांबड लावते, वाच निवांत. ऊस आणि गुऱ्हाळ आहे म्हणतोस ना, मग निम्मं बायो तुझ्या बांधावरच आहे की.

सुरुवात पेशीपासूनच कर, पण आकृतीतली वीस नावं घोकून नको. आधी पेशीचं आवरण समज, ज्याला पुस्तकात मेम्ब्रेन म्हटलंय. मिसळीवरचा कट कितीही ढवळला तरी परत वर येतो, कारण तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही. पेशीचं आवरण तसल्याच स्निग्ध रेणूंचं असतं, फक्त या रेणूंचं डोकं पाण्याकडं ओढ घेतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून ते आपोआप दोन थरांत लागतात, डोकी बाहेर, शेपट्या आत. एवढं कळलं की साखर, मीठ यांना आत जायला प्रोटीनची दारं का लागतात ते वेगळं पाठ करावं लागत नाही. मग ऑस्मॉसिस, म्हणजे आपलं परासरण, आवरणातनं पाणी पातळ बाजूकडनं दाट बाजूकडं जाणं. कैरीला मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं ते हेच, आणि काकवी महिनोन्महिने टिकते तेही हेच, साखर इतकी दाट असते की आत पडलेल्या जंतूचंच पाणी बाहेर ओढलं जातं. फूड टेकवाल्याला ही एक गोष्ट सगळा कोर्सभर पुरते, खोटं नाही सांगत.

दुसरं म्हणजे एनर्जी. इथं पोरं थेट क्रेब्ज सायकलचे, म्हणजे पेशीत साखर मोडतानाच्या क्रियांच्या चक्राचे, बाण पाठ करायला बसतात आणि तिथंच आडवी होतात. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे: एकरी चाळीस टन ऊस निघाला तर हे वजन आलं कुठनं? मातीतनं म्हणशील तर दरवर्षी रानात खड्डा पडायला पाहिजे होता. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसानं विलोचं रोप कुंडीत लावून पाच वर्षं नुसतं पाणी घातलं, झाडाचं वजन दीडशे पौंडांहून जास्त वाढलं आणि माती कमी झाली फक्त दोन औंस. तो म्हणाला सगळं पाण्यातनं आलं. तो कुठं चुकला ते तू सांगायचं, मी सांगणार नाही.

एन्झाइम पण याच्याच जोडीनं कर. ऊस तोडून फडात पडून राहिला की साखरेचा उतारा पडतो हे तुझ्या चुलत्यांना माहीत असणार, ते का? उसातलंच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत बसतं. एन्झाइम म्हणजे बहुतेक वेळा प्रोटीन, त्याचं सगळं काम त्याच्या आकारावर, आणि उष्णतेनं तो आकार मोडतो. रस काहिलीत उकळला की हा उद्योग थांबतो. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरतात तेव्हा जंतू मरतात त्यामागंही मोठा भाग हाच, त्यांची प्रोटीनं मोडतात.

तिसरं डीएनए. १९५३ सालची ती दुहेरी गोफाची रचना सगळ्यांना पाठ असते, पण तिचा उपयोग काय विचारलं की गप्प. चार अक्षरं, तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द, त्यातले तीन म्हणजे पूर्णविराम आणि उरलेल्यांतनं वीस अमिनो ऍसिड्स. डीएनए वरनं आरएनए, आरएनए वरनं प्रोटीन. म्हणजे वरचं ते इन्व्हर्टेज कसं बनवायचं हे उसाच्या पेशीत असं लिहून ठेवलेलं असतं. हे एकमेकांना जोडत गेलास की लक्षात राहतं.

उसाचं_कांडं:
ताई लय भारी, पहिल्यांदाच काहीतरी डोस्क्यात शिरलं. एक शंका, श्वसन आणि श्वासोच्छ्वास एकच ना? आणि झाडं दिवसा प्रकाश संश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं.

मायक्रोवाली_ताई:
दोन्ही नाही. श्वासोच्छ्वास म्हणजे छातीचा भाता. श्वसन हे पेशीत चालतं, साखर मोडून एटीपी, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणारी एनर्जी, मिळवायचं काम. झाडाच्या पेशी ते दिवसरात्र करतात, दिवसा फक्त प्रकाश संश्लेषण जोरात असतं म्हणून वरनं दिसत नाही. हे काम जिथं होतं ते पेशीतले भाग, म्हणजे माइटोकॉन्ड्रिया, झाडातही असतात, परीक्षेत यावर हमखास चूक होते.

तालमीतला_गडी:
आता विषय निघालाच आहे तर मला पण सांगा, जोर-बैठका मारून दुसऱ्या दिवशी अंग धरतं ते लॅक्टिक ऍसिड साठतं म्हणूनच ना? आमचे वस्ताद तरी असंच सांगायचे.

मायक्रोवाली_ताई:
वस्तादांना नमस्कार सांगा, पण नाही. जोर लावताना ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा स्नायू लॅक्टिक ऍसिड बनवतात हे खरं, पण ते तास-दीड तासात निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना पडलेल्या बारीक चिरांचं असतं. गंमत म्हणजे दह्याचा आंबटपणा पण लॅक्टिक ऍसिडचाच, विरजणातले जंतू ऑक्सिजनशिवाय साखर मोडतात तेव्हा तेच बनतं. पोरा, हे तुझ्या पेपरला येणार, लिहून ठेव.

निवृत्त_मास्तर:
ताईंनी छान सांगितलं, पण एक सुटलं आणि ते सुटायला नको होतं. उत्क्रांती. सगळीकडं हा धडा शेवटी ठेवतात आणि वेळ संपला म्हणून गुंडाळतात, माझ्याकडनंही नोकरीत बऱ्याचदा तेच झालं. माझं मत, दुसऱ्याच आठवड्यात वाच. त्यासाठी आधी पेशीविभाजन पाहिजे, आणि ते तुझ्या शेतातच आहे बाळ. तुम्ही ऊस लावता तो बियांनी नव्हे, टिपरीनं. टिपरीवरच्या डोळ्यातनं जो कोंब येतो तो मायटोसिसनं वाढतो, म्हणजे पेशीची हुबेहूब नक्कल, म्हणून ८६०३२ जातीचा ऊस लावला की ८६०३२ च उगवतो आणि खोडवाही त्याचाच. नवीन जात काढायची तर उसाला तुरा यावा लागतो, परागीभवन व्हावं लागतं. तिथं मेयोसिस आलं, गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, निम्मी होतात, पत्ते पिसले जातात आणि प्रत्येक बी वेगळं निघतं. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत हेच काम चालतं, जातीच्या नावापुढं 'को' लागतं ते त्या गावाचं. माणसात ४६ ची २३ होतात ते पाठ कर, पण का होतात हे टिपरी आणि तुरा आठवून लिही.

आता यातनं पुढं. सगळा फड एकसारखा असला की एखादा रोग सगळ्या फडाला लागतो. वेगवेगळी रोपं असतील तर काही मरतात, काही तगतात, आणि तगलेल्यांचीच पुढची पिढी. झाली की नैसर्गिक निवड. 'जंतूंना औषधाची सवय होते' असं पेपरात अजिबात लिहू नकोस, मी अर्धा मार्क कापायचो. सवय कुणाला होत नाही, त्या गर्दीत आधीपासून एखादा वेगळा असतो, बाकीचे मरतात आणि रान त्याला मोकळं. चांगली परिस्थिती असली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे सात तासांत वीस लाखांवर. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ मध्येच सांगून ठेवलं होतं की कमी डोस घ्याल तर असले जंतू तयार होतील.

परिसंस्था वगैरे शेवटच्या दोन दिवसांत होतं. रंकाळा तलावावर जाऊन बस, सांडपाण्यातनं खत मिळालं की जलपर्णी आणि शेवाळ कसं माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन कसा संपतो आणि मासे का मरतात एवढं लिहिता आलं की धडा झाला.

उसाचं_कांडं:
सर, ताई, खरंच आभार. हेल्माँटचं उत्तर, तो हवा विसरला. कार्बन डायऑक्साइड. पाणी वगळलं तर उसाचं बहुतेक वजन हवेतनं आलं. बरोबर का? रात्री चुलत्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग युरियाची पोती परत देऊन येऊ काय रं?

निवृत्त_मास्तर:
बरोबर. आणि ऊस तर हवेतला कार्बन धरण्यात पटाईत. १९६० च्या दशकात कार्बन धरायचा सी-फोर नावाचा मार्ग उसावरच्याच प्रयोगांतनं कळला, पुस्तकात हॅच-स्लॅक म्हणून सापडेल.

मायक्रोवाली_ताई:
चुलत्यांना सांग पोती परत देऊ नका. साखरेत नायट्रोजन नसतो, पण प्रोटीनमध्ये आणि डीएनएमध्ये असतो, आणि ऊस तो हवेतनं थेट घेऊ शकत नाही. एन्झाइमच बनली नाहीत तर हवेतला कार्बन धरणार कोण?

उसाचं_कांडं:
सांगितलं. म्हणाले, एवढं कळतंय तर रविवारी पाला काढायला ये.