‘एक्स्पान्स’चं विज्ञान डोक्यावर घेऊ नका, ‘फ्युचरामा’ बघा

टिनपाट_रोबो
‘द एक्स्पान्स’ ह्या अवकाश-मालिकेचं (२०१५–२०२२) नाव निघालं की "काय ते अचूक विज्ञान!" हे ठरलेलं. त्यातला डिटेक्टिव्ह मिलर सेरेस ह्या बटुग्रहावर व्हिस्की ओततो आणि, कृत्रिम गुरुत्वासाठी सेरेस फिरवलेला म्हणून, धार वाकडी पडते, त्या दृश्याची तर आरतीच ओवाळतात. जरा हिशोब करा. सेरेसची त्रिज्या सुमारे ४७० किमी. फिरवून ०.३ जी (१ जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्व) मिळवायचं तर एक फेरी साधारण ४२ मिनिटांची. इतक्या संथ फिरण्यात २० सेंमीवरून पडणारी धार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी सरकेल. दिसणारही नाही. शिवाय सेरेसचं स्वतःचं गुरुत्व जेमतेम ०.०३ जी. त्याच्या दसपट जोराने बाहेर फेकल्यावर वरची माती जागेवर राहील?

उलट ‘फ्युचरामा’ ह्या विनोदी ॲनिमेशन मालिकेची २०१० मधली मनांच्या अदलाबदलीची गोष्ट घ्या, ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’. नियम एकच: त्याच दोन शरीरांत पुन्हा अदलाबदल होत नाही. लेखक केन कीलर गणितातला डॉक्टरेट. त्याने सिद्धताच लिहिली की गोंधळ कितीही असो, दोन नवी माणसं आणली की सगळे आपापल्या शरीरात. ह्याला म्हणतात अचूक!

आळशी_उल्का
असहमत. वाकडी धार प्रेक्षकाला खूण म्हणून आहे, फूटपट्टी लावायला नाही. खरी कमाल जहाजांच्या रचनेत आहे. मजले इमारतीसारखे एकावर एक, इंजिन तळाला. इंजिन चालू की पायाखाली जमीन, बंद की सगळे तरंगले. अर्धी वाट वेग वाढवायचा, जहाज उलटं फिरवायचं, उरलेली अर्धी ब्रेक. ७.५ कोटी किमी अंतर १ जीने जवळपास दोन दिवसांत, मध्यावर वेग सेकंदाला सुमारे ८६० किमी. पाठलागात जोर वाढला की अंगात औषध टोचून घ्यावं लागतं. हे काढून टाका, गोष्ट कोसळते. ‘फ्युचरामा’तली सिद्धता मात्र फळ्यापुरती.

खारी_बिस्कीट
फळ्यापुरती कशी? करून बघा की. भागातली दोन पात्रं घ्या: प्रोफेसरच्या शरीरात एमी, एमीच्या शरीरात प्रोफेसर. नवे दोघे क्ष आणि य. शरीरांच्या जोड्या अशा लावा: प्रोफेसर–क्ष, एमी–य, एमी–क्ष, प्रोफेसर–य, शेवटी क्ष–य. पाच फेऱ्या, एकही जोडी दुसऱ्यांदा नाही, चौघेही आपापल्या जागी.

एकट्या क्षवर भागत नाही. प्रोफेसर–क्ष आणि एमी–क्ष केल्यावर एमी सुटते, पण प्रोफेसर आणि क्ष एकमेकांत अडकतात. ती जोडी आधीच वापरून झाली! भागातला सगळा पेच ह्याच नियमावर उभा आहे, तेव्हा "काढून टाका" हा निकष इथेही लागू.

गुरुत्वहीन
तुम्ही दोघं ‘प्लॅनेटीज’ ही जपानी ॲनिमेशन मालिका (२००३–०४) विसरलात. २०७५ सालचे अवकाशातला कचरा वेचणारे. एका भरकटलेल्या स्क्रूने प्रवासी यानाचा घात होतो, आणि ते पटतं, कारण खालच्या कक्षेत वेग ताशी २८,००० किमीच्या घरात असतो. शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलरने कचऱ्याच्या साखळी-टकरींचा इशारा १९७८ मध्ये दिला. इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह २००९ मध्ये खरोखर आदळले, मालिका संपल्यावर.

अवांतर: ‘कार्टूनमध्ये तरंगणं फुकट’ हा गैरसमज. चालणारा माणूस असेल तर तीच आठ-बारा चित्रं पुन्हा फिरवता येतात. तरंगणाऱ्याला जमीनच नाही. अंग वळेल तसं प्रत्येक चित्र नवं. खऱ्या नटांना निदान चुंबकी बूट घालून चालवता येतं.

टिनपाट_रोबो
‘प्लॅनेटीज’ मान्य, मजल्यांची रचनाही मान्य. पण @आळशी_उल्का, त्या दोन दिवसांच्या प्रवासाला वेग वाढवणं आणि ब्रेक मिळून सेकंदाला १,७०० किमीचा बदल लागतो. आजच्या रासायनिक रॉकेटमधून झोत निघतो फार तर सेकंदाला ४.५ किमीने. ‘एक्स्पान्स’मधलं एपस्टीन इंजिन म्हणजे जादूची कांडीच, रंग तेवढा राखाडी.

आळशी_उल्का
एक कांडी मागितली आणि पुढचं सगळं नियमाने चालवलं, एवढी उधारी चालते. तुमच्या लाडक्या ॲनिमेशनमध्येही कांड्या कमी नाहीत. ‘काउबॉय बीबॉप’ ह्या जपानी मालिकेतलं जहाज म्हणजे मुळात मासेमारीचा ट्रॉलर, आत गुरुत्वासाठी फिरतं चक्र. चक्कर न येता १ जी हवं तर मिनिटाला दोनच फेऱ्या परवडतात, त्याला त्रिज्या लागते २२४ मीटर. त्या ट्रॉलरमध्ये कुठे मावते ते दाखवा. मग व्हिस्कीकडे परत येऊ.