दारू सोडण्यासाठी मदतगट : बडोद्यात भावाला कोठे आणि कसे न्यावे?

प्रश्न : मांजलपूरची बहीण

नमस्कार. आम्ही तीन पिढ्यांपासून बडोद्यात राहतो. माझा थोरला भाऊ अनेक वर्षे रोज पितो. राज्यात दारूबंदी असली तरी ती मिळवणाऱ्याला मिळते, हे येथील वाचकांना सांगायला नको. अलीकडेच तो प्रथमच आपणहून म्हणाला की मला सोडायची आहे, पण कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी घेऊन चल. आपला मराठी समाज येथे लहान आहे, दांडिया बाजारातील एका घरी कळले की सगळीकडे कळते, आणि दादाच्या मुलीचे लग्न जमायचे आहे. शिवाय पिणे हाच येथे गुन्हा असल्यामुळे मदतगटाच्या सभेत बोललेले पोलिसांपर्यंत जाईल, अशी त्याला भीती वाटते. या सभा काही ठिकाणी चर्चच्या आवारात भरतात असे ऐकल्यापासून वहिनी धर्माच्या शंकेने अडून बसल्या आहेत. दादाला गुजराती उत्तम येते, परंतु मनातले बोलायचे तर त्याला मराठीच लागते. पहिल्या दिवशी तेथे नेमके काय घडते, हे अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : रावपुऱ्याचे काका

ताई, मी स्वतः अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘एए’चा, जुना सदस्य आहे. ही चळवळ 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. त्यांतला एक शेअर बाजारातला होता आणि दुसरा शल्यचिकित्सक. एक मद्यपी दुसऱ्याशी खरे बोलला की दोघांचेही पिणे थांबू शकते, हा त्यांना आलेला अनुभव आजही प्रत्येक सभेचा पाया आहे.

सभा साधारण तास-दीड तासाची असते. सुरुवातीला थोडे वाचन होते, मग एकेक जण फक्त पहिले नाव सांगून आपली हकीकत मांडतो; मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. दादांना बोलायचे नसेल तर ‘मी आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी पुरते. हजेरीपट नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. खर्चासाठी सदस्य आपसात वर्गणी काढतात आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. सदस्यत्वाची एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सभेत सांगितलेल्या गोष्टीवरून कोणावर गुन्हा दाखल झाल्याचे मी आजवर ऐकलेले नाही, आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकाला आपले नाव तितकेच जपायचे असते, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा आधार आहे.

चर्चचे म्हणाल तर तेथे स्वस्तात खोली मिळते, एवढेच त्यामागचे कारण. एए कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी जोडलेले नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, परंतु ‘ज्याला जसा उमजला तसा’ या शब्दांत. आमच्याकडे गजानन महाराजांचे भक्त आहेत आणि देव न मानणारेही आहेत.

सभांची ठिकाणे एएच्या भारतातील संकेतस्थळावर आणि मदतक्रमांकावर मिळतात. स्थानिक सभा बहुधा गुजराती-हिंदीत चालतात, मात्र मराठीत बोलायला कोणी मनाई करत नाही. महाराष्ट्रातील काही गट मराठीतून ऑनलाइन सभाही घेतात, तेथे दादा घरी बसून ऐकू शकतील.

उत्तर : निवृत्त परिचारिका, कारेलीबाग

काकांनी लिहिलेले योग्यच आहे, पण त्याआधीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास पहिल्या दिवसातच हात थरथरणे, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन रुग्ण पूर्ण भ्रमात जाऊ शकतो. उपचार नसतील तर यात जीव जाऊ शकतो. म्हणून सभेच्या उत्साहात ‘उद्यापासून थेंबही नाही’ असे घरी ठरवू नका. आधी सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा आमच्या कारेलीबागेतील सरकारी मनोरुग्णालयात दाखवा. तेथे काही दिवस औषधे आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये मद्यसेवनाशी निगडित विकारही येतात, आणि त्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

वहिनींना कोणीतरी जेवणात कालवायची गोळी नक्की सुचवेल. ती कृपा करून देऊ नका. डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचे औषध रुग्णाच्या नकळत दिले आणि वर तो प्याला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते.

उत्तर : एक पत्नी

वहिनींसाठी लिहिते. मद्यपींच्या कुटुंबीयांकरिता अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात, आणि नवरा सभेला जात नसला तरी आपण जाऊ शकतो. बाटल्या शोधणे, कार्यालयात त्याच्या आजारपणाची खोटी कारणे सांगणे, उसनवारी फेडणे, हे सगळे मी प्रेमानेच करत होते; ते कोठे थांबवायचे हे मला तेथील बायकांनी शिकवले. ते पिणे सोडतील की नाही यावर माझी झोप अवलंबून राहू नये, एवढे तरी साधले.

मांजलपूरची बहीण

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी रुग्णालयात जाऊ. काका, त्यानंतर पहिल्या सभेला मी दादासोबत आत बसू शकते का?

रावपुऱ्याचे काका

खुली सभा असेल तर अवश्य बसा. बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते, त्यामुळे फोन करताना तेवढे विचारून घ्या. दादांना एकट्याने आत शिरणे अवघड वाटत असेल तर तसेही सांगा. गटातला कोणीतरी त्यांना आधी बाहेर चहाला भेटेल आणि बरोबर आत घेऊन जाईल. एकाच सभेवरून मत बनवू नका, दोन-तीन वेगवेगळे गट पाहा, कारण प्रत्येक ठिकाणची माणसे निराळी असतात.