मागचं दार आतून उघडत नाही, लॉक जाम: दाराचं पॅड घरीच काढू का?

घाटंजीकर

राम राम मंडळी. गाडी २०११ ची, छोटी पेट्रोल, काचा हातानं फिरवायच्या. आमच्या गावचे शेवटचे चार किलोमीटर म्हणजे पांदण, म्हणून गाडी बाराही महिने काळ्या मातीच्या धुळीत असते. वेचणीच्या दिवसांत मागच्या सीटवर कापसाचे गाठोडेही येतात.

मागचं डावं दार आतून उघडतच नाही. बाहेरून उघडतं, पण हँडल दोन्ही हातांनी ओढावं लागतं. ड्रायव्हरचं दार आपटल्याशिवाय बसत नाही आणि त्याची किल्ली अडकत अडकत फिरते.

मागं वडील बसतात. गुडघ्यांमुळे त्यांना सरकून दुसऱ्या दारानं उतरता येत नाही. मागच्या आठवड्यात यवतमाळला मी औषधं घ्यायला उतरलो, त्यांना लघवीला जायचं होतं आणि दार उघडेना. ऊन कसं असते ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी काच खाली करून त्यांनी पानठेलेवाल्याला हाक मारली, त्यानं बाहेरून उघडलं. त्या दिवसापासून मला चैन नाही.

दिवाळीत एका गॅरेजवाल्यानं फटीतून इंजिन ऑइल सोडलं होतं. महिनाभर मोकळं चाललं, मग पहिल्यापेक्षा घट्ट झालं. दुसरा म्हणतो, सगळी लॉकं बदला. त्यानं उघडूनही पाहिलं नाही. दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, घरी निघते का? हत्यारं कोणती लागतील, आत काय लावायचं?

हिंगणघाटकर

दादा, आधी चाइल्ड लॉक पाहा. मागचं दार उघडलं की कडेला लॅचजवळ, म्हणजे दार अडकवून धरणाऱ्या कुलपाजवळ, बारीक खटका असतो. गाठोडं घासून तो सरकला असेल तर आतलं हँडल कितीही ओढा, उपयोग नाही. दोन हात का लागतात, ते मात्र यातून कळणार नाही.

वणीचा मिस्त्री

भाऊ, पॅड घरी निघते. पण काढायच्या आधी दोष कुठं आहे ते पाहून घ्या, नाहीतर उगाच क्लिपा तुटतात.

दार उघडंच ठेवा. लॅचच्या तोंडात पेचकस घालून जबडा बंद करा. दोनदा टक्‌ टक्‌ झालं पाहिजे: पहिला टप्पा अर्धा, दुसरा पूर्ण. मग बाहेरचं हँडल ओढा. जबडा फटकन सुटला तर लॅच चांगलं आहे, दोष स्ट्रायकरचा (चौकटीवरचा लोखंडी आकडा, ज्याला जबडा धरतो) नाहीतर बिजागरीचा. हळूहळू, झोपेतून उठल्यासारखा सुटला तर आत चिकटा बसला आहे. एक ध्यानात ठेवा, जबडा बंद असताना चुकूनही दार लावू नका. तो स्ट्रायकरवर आदळतो आणि दोन्हीचं नुकसान होते.

चिकटा असेल तर पॅड न काढताच एक प्रयत्न करा. नळी लावून डब्ल्यूडी-४० चा स्प्रे जबड्यात मारा, पेचकसानं वीस-तीस वेळा उघड-बंद करा, निघेल ती काळी राड फडक्यानं पुसा. राड निघायची थांबेपर्यंत हेच. पण त्यावर भागवू नका, ते उडून जाते. साफ झाल्यावर पांढरं लिथियम ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच लावा. इंजिन ऑइल धूळ ओढून घेते. आमच्याकडे कोळशाची भुकटी, तुमच्याकडे काळी माती आणि कापूस. ऑइलमध्ये कालवलं की त्याचं वाटण होते. तुमचं लॉक महिनाभरानं घट्ट का झालं, ते हेच.

तुमचं आतलं हँडल कामच करत नाही, त्यामुळे पॅड काढावंच लागेल असं वाटते. काच पूर्ण वर करून घ्या. आतल्या हँडलच्या खोलगट जागेतला स्क्रू काढा, तो कधी छोट्या टोपणाखाली लपलेला असतो. मग हाताच्या पकडीचे स्क्रू. काच फिरवायच्या हँडलला बाहेरून स्क्रू दिसत नाही. त्याच्या मागं घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. सुती फडकं दोन्ही हातांत ताणून हँडल आणि पॅडच्या फटीत घाला आणि बूट पॉलिश करतो तसं इकून तिकून ओढा. फडक्याचा धागा क्लिपेच्या टोकाला धरतो आणि ती उडते. उडते म्हणजे खरंच उडते, म्हणून खाली चादर अंथरा. बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये घालायची आणि मग हँडल दांड्यावर दाबायचं.

पॅडच्या काठाला प्लास्टिकची बटणं असतात. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. उचकायची चपटी पट्टी बटणाच्या अगदी जवळ घाला. दोन बटणांच्या मधे जोर दिला की पुठ्ठा फाटतो. इतक्या वर्षांच्या उन्हानं बटणं कडक झाली असतील, आठ-दहा नवी आधीच आणून ठेवा. काठ सुटला की पॅड वर उचलून काचेच्या फटीतून सोडवा. लगेच दूर ओढू नका, हँडलचा रॉड आणि स्पीकरची वायर जोडलेली असते.

मागं प्लास्टिकची पन्नी दिसेल. ती फाडू नका. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत उतरते आणि पन्नीमुळेच ते खालच्या भोकांकडे जाते. बरेच मिस्त्री ती फेकून देतात आणि मृगात गिऱ्हाइकाच्या पायाखाली डबकं होते.

हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. रॉड सोडवायच्या आधी फोटो काढा. प्लास्टिकची कडी फिरवली की रॉड सुटतो. आता बाहेरचं हँडल एकटं ओढून पाहा, लॅचची पट्टी एकटी बोटानं हलवून पाहा. जे घट्ट, तेच दुखणं. लॅच बाहेर काढायचं तर दाराच्या कडेला तीन स्क्रू असतात, फार आवळलेले. पेचकसाचा नेमक्या मापाचा बिट घ्या, तो स्क्रूत बसवून वरून हातोडीचा ठोका मारा आणि मग फिरवा. स्क्रू घसटला की दिवस गेला.

वरूडची ताई

मिस्त्रीभाऊंचं सगळं बरोबर. ज्यांच्या गाडीत पॉवर विंडो किंवा साइड एअरबॅग आहे त्यांनी हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबावं, हे तेवढं जोडते.

किल्लीच्या भोकात ऑइल नको, ग्रीस तर नकोच. ग्राफाइट पावडर फुंकायची. आम्हाला गावात मिळाली नाही तेव्हा मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या खाचांवर घासलं आणि किल्ली आत-बाहेर केली, पाच-सहा वेळा. तुमच्याकडे आधी ऑइल गेलं असेल तर पहिले डब्ल्यूडी-४० नं धुवा आणि दिवसभर वाळू द्या.

घाटंजीकर

रविवारी पहाटे सहाला बसलो, उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही म्हणून. चाइल्ड लॉक ठीक होतं. पॅड काढायलाच दीड तास गेला, तीन बटणं तुटली. फडक्याची युक्ती चौथ्या ओढीला लागली, क्लिप थेट तुळशीपाशी जाऊन पडली.

आत पाहिलं तर आतल्या हँडलच्या रॉडची पिवळी कडी तुटलेली. रॉड नुसता लोंबत होता. वडील हँडल ओढत होते तेव्हा पलीकडे काहीच हलत नव्हतं. दोन हात लागायचे त्याचं कारण लॅचमध्ये सापडलं. जबडा आणि स्प्रिंगच्या मधे अंगठ्याएवढा काळा गोळा. चिमट्यानं ओढला तर नमद्यासारखा लांबत आला, मधे सरकीचं टरफल. आपल्याच वावरातला कापूस, त्यात ते ऑइल. लॅच तीन वेळा धुतलं, ग्रीस लावलं. कडी स्पेअर पार्टच्या दुकानात सुटी मिळाली. दाराच्या तळाची भोकं मातीनं बंद होती, तारेनं मोकळी केली तर मूठभर गाळ निघाला. पन्नीचा डिंक सुकला होता; पन्नी पाच मिनिटं उन्हात धरली आणि तो पुन्हा मऊ झाला.

पॅड बसवून वडिलांना मागं बसवलं. त्यांनी एका बोटानं दार उघडलं. मग लावलं आणि परत उघडलं. असं तीनदा केलं, बोलले काही नाहीत.

मिस्त्रीभाऊ, ताई, दादा, मनापासून आभार. किल्ली पेन्सिलीवर मोकळी झाली. राहिलं ड्रायव्हरचं दार. जबडा फटकन सुटतो, तरी आपटावं लागते. स्ट्रायकर हलवू का?

वणीचा मिस्त्री

आधी दार अर्धं उघडून खालून वर उचला. खटखट हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे, तिथं स्ट्रायकर हलवून फायदा नाही. नाही हललं तर स्ट्रायकरच्या भोवती मार्करनं रेघ मारा, स्क्रू थोडेच ढिले करा आणि रेघेपासून अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवा. दार लावून पाहा, गरज पडली तर अजून अर्धा. रेघ मारायला विसरू नका, ती नसली की पहिली जागा सापडत नाही.