१ राजे २१ : आहाबाला सवलत, शिक्षा मुलाला? (चर्चेत तिघे टोपणनावांनी बोलतात.)

द्राक्षमळा : तरुणांच्या बायबल अभ्यासात १ राजे २१ घ्यायचा आहे, वेळ ४५ मिनिटं. अडचण शेवटच्या ३ वचनांची. इस्राएलचा राजा आहाब याला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता; राणी ईजबेलने खोट्या साक्षीवर नाबोथाला मारवलं. नाबोथाचा जीव गेला, मळाही गेला. आहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसलं, उपास केला, तर परमेश्वराने घराण्यावरचं अरिष्ट त्याच्या मुलाच्या काळावर नेलं. यातून देवाचा स्वभाव म्हणून काय शिकवायचं? ‘देव दयाळू आहे’ एवढ्यावर भागणार नाही. नाबोथाचं काय, हे पोरं विचारणारच.

जुना करार : विचारू द्या. २७व्या वचनापासून शिकवायला घेतलं की हा घोळ होतोच. ३ऱ्यापासून घ्या. नाबोथ मळा विकत नाही तो हट्टाने नव्हे. वाडवडिलांचं वतन आहे म्हणून. सोबत लेवीय २५:२३ वाचा : जमीन परमेश्वराची, इस्राएल तिथे उपरे. म्हणजे राजाने हात घातला तो देवाच्या मालकीत.

मग ८ ते १३ सावकाश वाचा. ईजबेल राजाच्या शिक्क्याची पत्रं पाठवते, उपास जाहीर होतो, साक्षीदारही बरोबर २ (अनुवाद या पुस्तकातल्या १७:६ प्रमाणे). नियमशास्त्राची चौकट शाबूत ठेवून केलेला खून आहे हा. गावच्या वडीलमंडळींपैकी एकही तोंड उघडत नाही. पत्रं बायकोने लिहिली, तरी १९व्या वचनात संदेष्टा एलीयाचा सवाल आहाबालाच आहे : तू खून केलास आणि ताबाही घेतलास ना? शिक्का कोणाचा, हे देव बघतो. माझ्या मते प्रकरणाचा कणा हाच आहे. निम्मा वेळ इथेच द्या.

सायंप्रार्थना : २९व्या वचनात ‘क्षमा’ कुठेच नाही, हे आधी मुलांनाच शोधायला लावा. आहे ती मुदत. ‘त्याच्या हयातीत आणणार नाही’ म्हणजे निकाल कायम, अंमल पुढे. आणि आहाबाची नम्रता नाटकी होती असं सांगू नका. ‘तो माझ्यापुढे नम्र झाला आहे’ हे देवाचेच शब्द आहेत. पुढच्याच अध्यायात तो मीखाया संदेष्ट्याला तुरुंगात टाकून भाकरी-पाण्यावर ठेवतो (२२:२७), तेव्हा ती टिकली नाही एवढं म्हणता येईल.

द्राक्षमळा : पण मुलाचं काय? अनुवाद २४:१६ तर सांगतं की बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये.

जुना करार : ते वचन माणसांच्या न्यायासनाला आहे, २ राजे १४:६ मध्ये यहूदाचा राजा अमस्या ते तसंच पाळतो. शिवाय ज्याच्यावर अरिष्ट आलं तो आहाबाचा मुलगा योराम निरपराध नव्हता. २ राजे ३:२-३ प्रमाणे त्याने बापाने उभारलेला बआल देवाचा स्तंभ काढला, पण आधीच्या यराबाम राजाची पापं (सोन्याच्या वासरांची पूजा) सोडली नाहीत. आधी त्याचा भाऊ अहज्या २ वर्षं राजा, मग योराम १२; एवढी वर्षं या घराण्याला वळायला मिळाली. तरीही प्रश्न पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही. गटातही ओढूनताणून सोडवू नका.

सायंप्रार्थना : नाबोथासाठी २ राजे ९:२५-२६ वाचलंच पाहिजे, बहुतेक जण तिथवर जात नाहीत. योरामला मारून राजा झालेला येहू त्याचं प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकायला सांगतो, आणि तिथे कळतं की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. अध्याय २१ मध्ये हा उल्लेख नाही. मळा परत घ्यायला वारस कुठून उरणार? गणना ५:७ प्रमाणे भरपाई मूळ अधिक पाचवा हिस्सा. आहाबाने काही परत केल्याची नोंद नाही. सगळे विसरले तरी देवाच्या दप्तरी नाबोथाचं नाव राहिलं.

येहूला मात्र नायक करू नका. होशेय १:४ मध्ये इज्रेलच्या (येहूने आहाबाचं घराणं संपवलं ते गाव) रक्ताचा जाब त्याच्याच घराण्याला द्यावा लागतो. वेळ कमी पडला तर २२वा अध्याय गाळा, हे वचन गाळू नका.