मदत हवी आहे: ३ मिमीचा मणी कातायला घरीच बारीक हत्यार कसं करू?

ऐरोलीत राहते, गॅलरीत छोटा लेथ आहे. सोसायटीने अकरा ते एक एवढीच वेळ दिलीय, एकनंतर खालच्या आजी झोपतात. सध्या सागवानी देव्हाऱ्याचे चार खांब कातायला घेतलेत. खांब होतात, पण वरच्या कळसाखाली जेमतेम ३ मिमीचा मणी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाच हवीय. माझी सगळ्यात बारीक पटाशी १२ मिमीची. एका मण्याची कड काढायला जावं तर ती शेजारचा मणी खाते.

बारीक हत्यारांचा तयार सेट बघितला, किंमत बघून गप्प बसले.

मग दोन उद्योग केले. बाबांच्या पेटीतली जुनी त्रिकोणी कानस ग्राइंडरवर घासली. टोक निळं पडलं. सागावर दोन मिनिटं बरी चालली, नंतर छिलका यायचा थांबला आणि नुसतं पीठ पडायला लागलं. दुसऱ्यांदा काँक्रीटचा खिळा घेतला, स्वयंपाकाच्या गॅसवर लाल केला आणि पाण्यात बुडवला. चर्र आवाज छान आला. फिरत्या लाकडाला टेकवला आणि टोक काचेसारखं उडालं. चष्मा होता म्हणून वाचले. (सासूबाईंनी शेगडीवरचे डाग बघितलेत, त्यामुळे गॅसचा पर्याय तसाही संपला.)

कुठलं पोलाद घेऊ? पाणी देणं (तापवून, बुडवून कडक करणं) घरी जमेल का?

—

वागळेचा फिटर:
ताई, कानशीचं पाणी उतरलं आणि खिळ्याचं थोडं उतरवायचं राहिलं. साधं कार्बन पोलाद निळं पडलं म्हणजे ३०० अंशांच्या आसपास गेलं, तिथे धार टिकत नाही. खिळा पाण्यात बुडवून कडक झाला, पण तसाच्या तसा तो ठिसूळ असतो. नंतर २०० ते २२० अंशांवर तासभर ठेवायचा, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग दिसला की झालं. कानस तर मुळातच ठिसूळ. अडकली तर मुठीपासून मोडेल, ती लेथवर नकोच.

माझं ऐकाल तर पाणी देण्याच्या भानगडीतच पडू नका. हायस्पीड स्टील घ्या. ते आधीच कडक केलेलं असतं, आपण फक्त आकार घासायचा. घासताना रंग बदलला तरी ५०० अंशांपर्यंत काही बिघडत नाही. त्याला नव्याने पाणी द्यायचं तर जवळपास १२०० अंश लागतात, तो घरचा खेळ नाही. तापलं तर हवेतच गार होऊ द्या, पाण्यात बुडवलंत तर बारीक तडे जाऊ शकतात.

मशीनशॉपमध्ये तुटलेले टॅप (धातूत आटे पाडायचं हत्यार) आणि आखूड झालेले टूल बिट (लेथची कापायची कांडी) भंगारात पडलेले असतात. ओळखायचं कसं? ग्राइंडरला टेकवा. साध्या पोलादाची ठिणगी पांढरी-पिवळी, फुलबाजीसारखी फुटणारी. हायस्पीडची मंद लालसर आणि फुटत नाही. ड्रिल घेणार असाल तर जपून, मोठ्या ड्रिलची दांडी बऱ्याचदा मऊ पोलादाची जोडलेली असते. धार तिथे काढलीत तर पुन्हा तेच पीठ.

—

कळव्याचा भोवरेवाला:
काकांचं बरोबर, पण ॲलन की विसरू नका. ५ मिमीची जुनी की घ्या, वाकडा भाग कापून टाका. ती हायस्पीड नसते, म्हणून पाण्यात बुडवत बुडवत सावकाश घासा. मी भोवऱ्याच्या खाचा त्यानेच काढतो.

—

वागळेचा फिटर:
भोवऱ्यासाठी चालेल. पण यांचं लाकूड सागवान आहे. सागात सिलिका असते, धार लवकर मरते. दर दुसऱ्या मण्याला ग्राइंडरकडे उठावं लागेल.

—

खारघर_कातकाम:
आकाराबद्दल कोणीच बोललं नाही! टोकाला तीन समान उतार देऊन पिरॅमिड करा. त्याने मण्याच्या दोन्ही कडांच्या खाचा निघतात आणि त्याच टोकाने मण्याची गोलाईही फिरवता येते. टोकावर मण्याच्या मापाची अर्धगोल खाच घासून साचा करता येतो, पण तो खरवडतो, सागाचे तंतू उचकटतात. चारच खांब आहेत तर साचा कशाला?

मूठ कुठल्याही सुक्या शिसवीच्या तुकड्याची. शेंबीसाठी (मुठीच्या तोंडावरचं कडं) एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या नळीचा बोटभर तुकडा मागा. शेंबी बसवल्याशिवाय ठोकलंत तर मूठ चिरेल. हत्याराचा निम्मा भाग तरी मुठीत जाऊ दे, वर इपॉक्सी. टेका (लेथवर हत्यार टेकवायची पट्टी) लाकडाच्या अगदी जवळ घ्या, बारीक हत्यार टेक्याबाहेर लांब निघालं की थरथरतं.

—

ऐरोलीहून, मीच:
अपडेट. रबाळ्याच्या एका वर्कशॉपमधून ६ मिमीचा मोडका टॅप मिळाला. पैसे घेतले नाहीत, "कातकामाला?" एवढंच विचारून हसले. ठिणगी लालच आली. तीन उतार समान यायला तीनदा घासावं लागलं, टॅप निम्मा झाला. पण पहिल्या खांबाचा मणी निघाला! दुसऱ्यावर थरथरल्याच्या रेघा आल्या, टेका लांब राहिला होता. जवळ घेतल्यावर गेल्या.

एक राहिलं. पिरॅमिडचं टोक सुईसारखं ठेवू की किंचित बोथट करू?

—

वागळेचा फिटर:
किंचित बोथट. ऑइलस्टोनवर (धारेच्या दगडावर) एकदाच हलका हात. सुई ठेवलीत तर सागात पहिली तीच मोडेल.