मदत हवी आहे: अंटार्क्टिकात कुठलं चलन चालतं? (जरा घाई आहे)

रागिणी_ठाणे: दादा पुढच्या शुक्रवारी निघतोय. डॉलर घ्यावेत, युरो, की कार्ड पुरेल? बँकेतल्या बाईंनी यादी वरखाली करून सांगितलं, "ऑस्ट्रिया आहे, ऑस्ट्रेलिया आहे, हे नाही." गुगल कर म्हणू नका, करून झालंय.

फिरस्ता: अर्जेंटिनाच्या उश्वाया बंदरातून जहाजाने ना? आम्ही २०१८ ला गेलो होतो. जहाजावरचा खर्च खोलीच्या नावावर चढतो, शेवटी कार्ड द्यायचं. अंटार्क्टिकात पोर्ट लॉकरॉयला ब्रिटिशांचं छोटं दुकान आणि पोस्ट आहे. पौंड, डॉलर, युरो, कार्ड, सगळं घेतात. तिथून टाकलेलं पोस्टकार्ड फॉकलंडमार्गे डोंबिवलीला आलं, आमच्यानंतर कितीतरी दिवसांनी! फोटो टाकू का?

रागिणी_ठाणे: फिरायला नाही हो, कामाला चाललाय!!

खवचट_काका: मग तसं आधी लिहायचं. संशोधन तळ कुठला? अमेरिकनांच्या मॅकमर्डोवर वेल्स फार्गो बँकेची दोन एटीएम आहेत, एक बिघडलं तर दुसरं. डॉलर घ्या.

कलम_बहाद्दर: मुळात प्रश्नच चुकीचा आहे. चलन देशाचं असतं आणि अंटार्क्टिका देश नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या कलम ४ ने सात देशांचे तिथल्या जमिनीवरचे दावे आहेत तिथेच गोठवले. ज्याचा तळ त्याचं चलन, ही निव्वळ सोय आहे.

खवचट_काका: ती पाकिटात काय ठेवू विचारतेय, तुम्ही कलम ठेवताय.

नाणेवेडा: 'अंटार्क्टिक डॉलर' मिळतात की! पेंग्विनच्या नोटा, माझ्याकडे आहेत.

कलम_बहाद्दर: त्या संग्राहकांसाठी छापलेल्या आहेत. त्यावर चहासुद्धा मिळणार नाही.

रागिणी_ठाणे: भारताचा मैत्री तळ. हिवाळाभर तिथेच राहणारी तुकडी. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून, केपटाऊनमार्गे. आता सांगा.

गंजका_पाना: हे पहिल्या ओळीत हवं होतं, ताई. मैत्रीवर दोन हिवाळे काढलेत मी. तिथे दुकानच नाही. खाणं, कपडे, डिझेल, सगळं मोहिमेचं. केपटाऊनला बॅगेच्या तळाशी टाकलेलं पाकीट मी परतताना केपटाऊनलाच काढलं. तिथल्यापुरते थोडे रँड आणि एक कार्ड द्या, बास. तळावर चलन म्हणाल तर कामाची पाळी. "माझे केस काप, तुझी रविवारची भांडी मी घासतो," असे सौदे चालतात.

खरी भानगड ओटीपीची. मोबाईलला रेंज नसते, उपग्रहाच्या इंटरनेटवर बँकेचा एसएमएस येत नाही. माझा गृहकर्जाचा हप्ता परत गेला तेव्हा दुसऱ्या खात्यात पैसे पडून होते, आणि सिम रत्नागिरीला कपाटात, बंद फोनमध्ये! निघण्याआधी मुखत्यारपत्र करा, घरच्या कुणाचं तरी नाव खात्याला लावा, आणि सिम घरी चालू फोनमध्ये ठेवून रिचार्ज मारत राहा.

फिरस्ता: मी म्हटलंच होतं, कार्ड पुरतं.

नाणेवेडा: अवांतर: दादांना मैत्रीच्या पोस्टाचा शिक्का मारून एक पाकीट पाठवायला सांगाल का? भारताच्याच दुसऱ्या, भारती तळावर २०२४ ला पोस्ट निघालं, पिनकोड एमएच-१७१८. तिथलाही मिळाला तर सोन्याहून पिवळं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

रागिणी_ठाणे: पाना दादा, थांबा. "वर्षभर उगाच रिचार्ज कशाला" म्हणून त्याने सिम बंद करायचा अर्ज कालच दिलाय. मोबाईल कंपनीच्या गॅलरीत जाते, दुकान अजून उघडं असेल.