सातवीतील मुलाला वाचता येत नाही आणि तो वर्गही चालू देत नाही. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी, बीड जिल्हा

नमस्कार. मी एका जिल्हा परिषद शाळेत यंदा सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गाचा पट ३१ आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून वाचायला लावले, तेव्हा नऊ मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्टही सलग वाचता येत नाही आणि त्यांतील चौघे सुट्या शब्दांवरच अडखळतात, असे लक्षात आले. या नऊपैकी सात मुले ऊसतोड कुटुंबांतील आहेत. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर तोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. पहिलीपासून दरवर्षी चार-साडेचार महिने शाळा बुडाली, तर सातवीत येईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ शिकणे झालेलेच नसते. वरच्या वर्गात मात्र ती दरवर्षी जात राहिली आहेत.

माझी खरी अडचण त्यांतील एका मुलाची आहे. अंगाने थोराड आहे, खेळात पुढे आहे, पण वर्गात सतत कुरापती काढतो. पुढच्याचे दप्तर ओढणे, वही फाडणे, मोठ्याने विचित्र आवाज काढणे असे चालू असते. गेल्या आठवड्यात इतिहासाच्या तासाला त्याने पाण्याची बाटली भिरकावली. मी त्याला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभे केले. तेथे तो अगदी शांत उभा राहिला, याचे मला नवल वाटले. मुख्याध्यापक पालकांना बोलवा म्हणतात, परंतु मागील वर्षी बोलावले तेव्हा वडिलांनी सर्वांसमोर त्याच्यावर हात उगारला होता आणि तसे पुन्हा घडावे अशी माझी इच्छा नाही.

पुढील वर्षी तो आठवीत जाईल. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झाला तर तो त्याच वर्गात राहील, आणि मग तो शाळाच सोडेल अशी मला भीती वाटते. आधी वागणूक सुधारावी की आधी वाचन हाती घ्यावे? सातवीचा अभ्यासक्रम सांभाळून हे कसे जमवावे?

उत्तर १ : निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

बाई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच लिहून ठेवले आहे. तो व्हरांड्यात शांत उभा राहिला, कारण त्याला तेथेच जायचे होते. वर्गात त्याच्यावर वाचनाची पाळी येणार होती आणि बाहेर ती येणार नव्हती. आपण ज्याला शिक्षा समजलो, ती त्याच्या दृष्टीने सुटका होती. आणि ज्या कृतीने सुटका होते ती मूल पुन्हा करते, हे तेरा वर्षांच्या मुलाबाबत जितके खरे आहे तितकेच मोठ्यांबाबतही.

ही माझी अटकळ आहे, म्हणून ती तपासून पाहावी. एका वहीत दहा दिवस तीन रकाने आखा. पहिल्यात गोंधळाच्या लगेच आधी वर्गात काय चालले होते, दुसऱ्यात त्याने नेमके काय केले, तिसऱ्यात त्यानंतर त्याला काय मिळाले. ‘दंगा केला’ असे लिहू नये. ‘शेजाऱ्याची वही ओढली’ असे लिहावे. तास कोणता आणि वेळ कोणती, हेही टिपावे. दहा दिवसांनी पाने चाळलीत की मूल कशापासून पळते आहे किंवा काय मिळवू पाहते आहे ते दिसू लागते. सगळ्या नोंदी जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला आल्या, तर तो सकाळी उपाशी येतो का, हे विचारावे लागेल. सगळ्या नोंदी प्रकट वाचनाच्या वेळी आल्या, तर आधी वागणूक की आधी वाचन हा प्रश्नच उरत नाही.

मधल्या काळात एक गोष्ट आजपासून करता येईल. त्याला बाजूला घेऊन सांगा की, “मी तुला वर्गासमोर अचानक वाचायला उठवणार नाही. जे वाचायचे असेल ते आदल्या दिवशी आपण दोघे मिळून वाचू.” आणि हा शब्द पाळा. इतर शिक्षकांनाही तो पाळायला सांगा, नाहीतर एका तासाला मिळालेला भरवसा दुसऱ्या तासाला मोडेल.

मी सेवेत असताना अशाच एका मुलाला दोन वर्षे मागच्या बाकावर बसवले. त्याला वाचता येत नाही हे मला ठाऊक होते, पण त्याचा दंगा आणि त्याचे न वाचणे यांची सांगड मी कधी घातली नाही. त्याने आठवीत शाळा सोडली. त्या चुकीची खंत आजही मनात आहे, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

उत्तर २ : विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण, गट साधन केंद्र

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वाचन व गणिताकडे नेमके कसे वळावे, ते लिहिते.

प्रथम डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा ही नऊ नावे त्यांच्यासमोर स्वतंत्रपणे ठेवा. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुले मी पाहिली आहेत.

त्यानंतर ‘वाचता येत नाही’ या शब्दांवर न थांबता नेमके काय येत नाही, ते शोधावे लागते. सातवीत अडकलेल्या बहुतेक मुलांना अक्षरे आणि काना-मात्रा येतात. गाडी अडते ती जोडाक्षरांशी, आणि त्यातही ‘र’ शी. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ हे चार शब्द एका पट्टीवर लिहून त्याच्यासमोर ठेवा. चारही शब्दांत ‘र’ आहे, पण चारही ठिकाणी त्याचे रूप निराळे आहे आणि रफार तर ज्या अक्षराच्या आधी उच्चारायचा त्याच्याच डोक्यावर बसतो. हे ज्याला कोणी उलगडून दाखवलेले नाही, त्याच्यासाठी इतिहासाचे पान म्हणजे दर ओळीला ठेच आहे. ‘स्वराज्य’, ‘दुर्ग’, ‘प्रधान’ असे शब्द पाठातूनच घ्या, रोज पाच-सहा, फोड करून आणि लिहून. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, असे पायाभूत वाचन व गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे; तो आकडा आपल्या माहितीसाठी ठेवा, मुलाला सांगू नका. त्याच्यापुढे फक्त त्याचाच मागचा आकडा ठेवावा. दर शनिवारी एकांतात एक मिनिट वाचन, बरोबर वाचलेल्या शब्दांची मोजणी आणि वहीत एक ठिपका, इतके पुरे.

गणितातही तसेच. ५२ मधून २७ वजा करायला सांगितल्यावर ३५ उत्तर आले, तर तो निष्काळजी नाही. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे त्याचा एक नियम आहे आणि तो चुकीचा आहे. आपली मुले तोडीवर मोळी बांधताना पाहतात. दहा काड्यांची एक मोळी करा, बावन्नच्या पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर मांडा आणि सात काड्या मागा. मोळी सोडल्याशिवाय सात देता येत नाहीत, हे त्याच्या हातांनाच कळते आणि ‘हातचा’ या शब्दाला अर्थ येतो.

आणखी एक तपासा. ‘सत्तावीस’ ऐकून तो ७२ लिहितो का? ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहितो का? मराठीत एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर, आणि ‘एकोण’ मध्ये तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन एक कमी करायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २१, २२ यांचे ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची नेमकी हीच अडचण पुढे केली होती. रूढ संख्यानामे शिकवायलाच हवीत, असे माझे मत आहे. परंतु मागे राहिलेल्या मुलासाठी ‘वीस सात म्हणजे सत्तावीस’ हा पूल फार उपयोगी पडतो.

वेळेबद्दल : रोज ४५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, पाचवी ते सातवीची मुले इयत्तेप्रमाणे नव्हे तर पातळीप्रमाणे बसवा. दोन शिक्षक तयार झाले तरी जमते. मात्र सातवीच्या मुलाच्या हाती पहिलीचे चित्रांचे पुस्तक देऊ नका, तो ते भिरकावून देईल आणि त्यात त्याची चूक नसेल. सोपे वाचण्याला मानाचे कारण द्यावे लागते. पहिलीच्या मुलांना दर शुक्रवारी गोष्ट वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. मग तीच सोपी गोष्ट आठवडाभर चार वेळा वाचणे ही त्याची तयारी ठरते.

नीट शिकवूनही दोन-अडीच महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे नीट शिकवूनही वाचन-लेखन किंवा गणितात टिकून राहणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात. परंतु ज्या मुलाची वर्षानुवर्षे शाळा बुडाली, त्याला शिकवण्याआधीच हे लेबल लावू नये.

उत्तर ३ : विज्ञान शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

पातळीनुसार गट पाडल्यास मुलांवर ‘ढ’ असा कायमचा शिक्का बसतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या शाळेत अप्रगत मुलांची यादी फळ्यावर लागत असे आणि मधल्या सुट्टीत बाकीची मुले त्यांना त्या यादीतील क्रमांकाने हाका मारत. कृपया याचा विचार व्हावा.

उत्तर २ मधील विशेष शिक्षिका

आपली काळजी रास्त आहे. यादी फळ्यावर लागता कामा नये आणि गट कायमचे असता कामा नयेत. दर दोन आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन मुले हलवली आणि हुशार मुलांनाही त्या ४५ मिनिटांत त्यांच्या पातळीचे काम दिले, तर सगळीच शाळा जागा बदलते आणि कोण कोठे गेला याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. तरीही जोखीम उरते, हे मी मान्य करते. मात्र न समजणाऱ्या तासांत त्याला दिवसभर बसवून ठेवण्यात अधिक मोठी जोखीम आहे.

उत्तर ४ : पुण्यात नोकरी करणारा, मूळचा धारूर तालुक्यातील

मी शिक्षक नाही. मी स्वतः त्या मुलाच्या जागी होतो, म्हणून लिहीत आहे.

मजूर तोडीला नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली वडिलांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती फिटली आणि किती राहिली, हे मी उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) बसून तोंडी सांगत असे आणि माझा हिशेब चुकत नसे. शाळेत आलो की तेच वहीवर मांडता येत नसे. पाडव्यानंतर वर्गात परत यायचो, तेव्हा मुले कितीतरी पाठ पुढे गेलेली असत. त्या वेळी माझ्यापुढे दोनच वाटा होत्या : एक तर सर्वांना कळू द्यायचे की मला वाचता येत नाही, किंवा सर्वांना वाटू द्यायचे की मी व्रात्य आहे. व्रात्य म्हणवून घेणे फार सोपे होते, आणि मित्रांमध्ये त्याला मानही होता.

माझ्यात बदल झाला तो आमच्या एका सरांमुळे. रोज प्रार्थनेआधी ते मला विचारत, “आज कोणता तास जड जाणार?” मी सांगत असे. संध्याकाळी पुन्हा विचारत, “कसा गेला?” दोन्ही मिळून तीन मिनिटेही होत नसत. पण दिवसभरात कोणीतरी मला विचारणार आहे, हे ठाऊक असल्यामुळे मी बराचसा धरून राहायचो. वडिलांनाही त्यांनी तक्रारीसाठी बोलावले नाही. एकदा रस्त्यात गाठून “पोरगं हिशेबाला पक्कं आहे” एवढेच सांगितले. वडिलांनी ते वाक्य पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगितले.

प्रश्नकर्त्या वर्गशिक्षिका, सुमारे दोन महिन्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. झालेले येथे नोंदवते.

दहा दिवसांच्या वहीत १४ नोंदी झाल्या. त्यांतील ११ भाषा आणि इतिहासाच्या तासाच्या निघाल्या, आणि त्या ११ पैकी नऊ वेळा कोणाची तरी प्रकट वाचनाची पाळी चालू होती. त्याची पाळी आलेली नसतानाही तो आधीच गोंधळ घालत होता, हे मला वहीमुळे कळले. अचानक न उठवण्याचा शब्द मी दिला आणि इतिहासाच्या सरांनीही पाळला. त्या आठवड्यात एकच नोंद झाली. पुढच्या आठवड्यात मात्र पुन्हा चार झाल्या, कारण बदली शिक्षकांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. आता हजेरीपटात तशी चिठ्ठी ठेवली आहे.

५२ वजा २७ ला त्याचे उत्तर ३५ च आले. मोळीची युक्ती मी वापरली, तेव्हा त्याने काड्या हातात घेऊन “बाई, मोळी अशी बांधत नसतात” असे म्हणत स्वतः ती पुन्हा नीट बांधली. दशक-एककाबद्दल तो माझ्याशी इतका वेळ पहिल्यांदाच बोलला. शनिवारच्या एक मिनिटात १९ शब्दांपासून तो ३४ शब्दांपर्यंत आला आहे. रफार अजून चुकतो. पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवण्यास त्याने सुरुवातीला ठाम नकार दिला; धाकटी बहीण पहिलीत आहे, तिच्यासमोर चुकेन असे म्हणाला. म्हणून सध्या तो दुसरीच्या वर्गात वाचतो.

मुख्याध्यापकांनी पाचवी ते सातवीसाठी शेवटच्या तासाऐवजी ४५ मिनिटे दिली आहेत. नऊपैकी दोन मुलांत फारसा फरक नाही. त्यांतील एकाला चष्मा लागला आहे आणि दुसऱ्याच्या तपासणीसाठी गट साधन केंद्राकडे विनंती केली आहे.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. आईवडील तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घेतला असून सात मुलांपैकी पाच जणांच्या घरून मागे ठेवण्यास होकार आला आहे. या मुलाच्या घरी मी गेले होते. वडिलांना तक्रार न सांगता शनिवारच्या ठिपक्यांची वही दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि “कोयत्याला हात लागतो, पण बघतो” असे म्हणाले; म्हणजे तोडीच्या कामाला जोडीला माणूस लागतो. आजी मात्र त्याला सांभाळायला तयार आहे. त्यांचा निर्णय होईपर्यंत मी त्याचे शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिकता यावे म्हणून दिले जाणारे) भरून ठेवत आहे आणि त्याला कोणते शब्द येतात, हातच्याची वजाबाकी कोठपर्यंत आली, हे त्यासोबत एका कागदावर लिहून देत आहे, म्हणजे तो फडावर गेलाच, तर तेथील शाळेतील शिक्षकांना पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.